राज्य गेलेला राजा आणि त्याचा बँड

आमच्या विंगमध्ये एक क्लॅरिनेटवाला आहे. मेकॅनिकलचा, थर्ड इयर. घर तसं जवळच, निर्मळच्या पलीकडे. पण सबमिशनच्या दिवसांत त्याचा मुक्काम कायम आमच्या खोलीत. घरात दोन पिढ्या बँडमध्ये वाजवतायत, लग्नाची वरात असो की गावच्या सणाची मिरवणूक. रविवारी संध्याकाळी तो गच्चीवर वाजवायला बसला, की ज्यांची व्हायवा दुसऱ्या दिवशी आहे ते शिव्या घालतात आणि बाकीचे चहाचे ग्लास घेऊन वर जातात.

गेल्या जुलैत त्याची फार पंचाईत झाली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी एक पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. सगळा आवाज तिच्या थरथरण्यातून येतो. ही रीड वेतासारख्या एका पोकळ नळाची, गवताच्याच जातीतल्या वनस्पतीची असते. आणि वसईचा पावसाळा तुम्हाला माहीत आहेच! कपाटातल्या चपलांना बुरशी येते, जर्नलची पानं लाटांसारखी होतात, तिथे या बिचाऱ्या पट्टीचं काय होणार? एक वाकडी झाली, एक चिरली आणि तिसरी वाजायची पण चिरकायची. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला की प्लॅस्टिकची सिंथेटिक रीड घे. किंमत कितीतरी पट जास्त, पण महिनोन्महिने बघायला नको.

मग काय, विंगमध्ये दोन पक्ष पडले. निम्मे म्हणत होते की निसर्गाचं ते निसर्गाचं, प्लॅस्टिकमधून कधी सूर निघतो का? उरलेल्यांचं म्हणणं असं, की इंजिनिअरिंगला येऊनसुद्धा मटेरियलला घाबरायचं तर बी.ई. कशाला करायचं? वाद मेसपर्यंत गेला. मी त्यातला नव्हे, पण या निमित्ताने क्लॅरिनेट आपल्या देशात रुजलं कसं, हे शोधायला लायब्ररीत गेलो आणि एका मराठी राजाच्या दारात जाऊन उभा राहिलो. मराठी, पण महाराष्ट्रातला नव्हे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. त्यांच्याविषयी आपल्याला शाळेत जवळजवळ काहीच शिकवत नाहीत, म्हणून हा लेख.

दत्तक मुलगा

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि कावेरीकाठी मराठ्यांची गादी सुरू झाली. आजूबाजूला तमिळ बोलणारी प्रजा, दरबारात तेलुगू आणि संस्कृतचे पंडित, घरात आणि दफ्तरात मराठी. कारभाराचे कागद मोडीत. अशा या घराण्याच्या एका शाखेत १७७७ साली सरफोजींचा जन्म झाला. त्या वेळचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या सुरुवातीला या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही भाऊबंदकीच्या केसमध्ये होतं तेच. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी दत्तक बेकायदा असल्याचा दावा केला, इंग्रजांनी विचारलेल्या पंडितांनीही तसाच निर्वाळा दिला आणि गादी अमरसिंगांकडे गेली. मुलाला वाड्यात जवळजवळ कोंडून ठेवलं गेलं. शिकवायला कुणी नाही, भेटायला कुणी नाही.

या मुलाच्या मागे उभा राहिला तो एक जर्मन पाद्री, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. मिशनसाठी काम करणारा हा माणूस तंजावरात बरीच वर्षं राहिलेला होता आणि मरण्यापूर्वी तुळजाजींनी त्याला मुलाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. श्वार्ट्झने मद्रासला तक्रारी केल्या आणि १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवलं गेलं. तिथे त्यांचं खरं शिक्षण झालं. इंग्रजी, गणित, भूगोल, युरोपातलं विज्ञान. शिकवणारे मिशनरी असूनही मुलगा हिंदूच राहिला आणि गुरूनेही तो मुद्दा करून नातं तोडलं नाही. श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर सरफोजींनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं. मरणशय्येवरच्या गुरूचा हात शिष्याने हातात धरला आहे, असं ते दृश्य तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

गादी मिळाली, राज्य गेलं

कंपनी सरकारने मग निर्णय फिरवला. दत्तक कायदेशीर ठरलं आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. वय वीस. म्हणजे आपल्या सेकंड इयर-थर्ड इयरच्या मुलाएवढं. पण गादी फुकट मिळाली नव्हती. २५ ऑक्टोबर १७९९ ला करार झाला आणि राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे काय राहिलं? तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि महसुलातला पाचवा हिस्सा. सैन्य नाही, न्याय नाही, करवसुली नाही.

इथे वसईकरांनी जरा थांबावं. या करारानंतर जेमतेम तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने आपल्याच गावात इंग्रजांशी तह केला. तोच वसईचा तह. पेशवाई त्या दिवशीच निम्मी संपली होती. म्हणजे दोन टोकांची दोन मराठी राज्यं तीन वर्षांच्या अंतरात एकाच पद्धतीने कंपनीच्या खिशात गेली. बाजीरावाने पुढे लढून पाहिलं, हरला, आणि पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. सरफोजी लढले नाहीत. याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. नेपोलियनच्या पराभवानंतर इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून समुद्रकाठी मनोरा नावाचा षट्कोनी उंच बुरूज याच राजाने बांधला. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच विजयाचं स्मारक! वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

पण वीस-बावीस वर्षांच्या माणसाकडे पैसा आहे, वेळ आहे आणि सत्ता अजिबात नाही, तर त्याने उरलेलं आयुष्य करायचं काय? त्या काळातल्या कितीतरी संस्थानिकांनी या प्रश्नाचं उत्तर शिकार, दारू आणि कर्ज असं दिलं. सरफोजींनी वेगळं उत्तर दिलं.

वाडा की लॅब?

नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की आज सरस्वती महाल म्हटलं की त्यांचंच नाव निघतं. लंडनहून पेट्या भरून पुस्तकं यायची. चार हजारांहून अधिक युरोपीय ग्रंथ त्यांनी जमवले आणि कित्येकांवर त्यांची सही आहे. म्हणजे नुसती कपाटं भरली नाहीत, हाताळली. १८२० साली ते सुमारे तीन हजार माणसं घेऊन काशीयात्रेला गेले, तिथूनही हस्तलिखितं आणली. या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या वर आहेत.

१८०५ च्या सुमारास वाड्यात छापखाना सुरू झाला, देवनागरी टाइपसकट. त्यातून इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, बालबोध मुक्तावळी, निघालं. महाराष्ट्रात बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं १८३२ मध्ये. तंजावरातलं हे काम त्याच्या पाव शतक आधीचं! मुलांना जगाचा भूगोल कळावा म्हणून त्यांनी देवेंद्र कोरवंजी नावाचं मराठी नाट्य लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी कोरवंजी बाई पदांमधून खंड, पर्वत, नद्या सांगते. आपल्या सिलॅबसला असं कुणी लिहिलं तर किती बरं होईल!

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांच्या देवळात, तमिळ देशात, दगडात मराठी.

धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांना एकत्र आणून औषधांची पारख चालायची. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. कुणाला काय झालं होतं, काय उपाय केला, नंतर काय दिसलं, सोबत डोळ्याचं रंगीत चित्र. वाड्यात विजेचं यंत्र होतं, हवेचा पंप होता, शरीररचना शिकायला हस्तिदंती सांगाडा होता. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर भेटीला आले, तेव्हा हा राजा युरोपातल्या रसायन आणि वनस्पतीशास्त्रातल्या मोठमोठ्या लेखकांचे दाखले सहज देतो हे पाहून ते थक्क झाले.

आणि हॉस्टेलकरांसाठी खास. ओरत्तनाडला १८०२ साली त्यांनी मुक्तांबाळ छत्रम उभं केलं. छत्रम म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, पण इथे शाळाही होती आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय होती. आजारी पडलं तर औषधही. मेसचं बिल नाही! आमच्या रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचावा ही नम्र विनंती.

बँड आणि पत्ती

आता मूळ विषय. तंजावर हे कर्नाटक संगीताचं माहेर. त्यागराज स्वामी तिथून जवळच तिरुवैयारूला राहत. भरतनाट्यमच्या आजच्या मांडणीचं श्रेय ज्या चार भावांना देतात ते तंजावर चतुष्टय, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, याच दरबारातले. स्वतः राजांनी नाचासाठी मराठीत निरूपणं रचली. म्हणजे भरतनाट्यमच्या पायाशी मराठी पदंसुद्धा आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

अशा ठिकाणी राजांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. परदेशातून वाद्यं मागवली, स्वरलिपीची पुस्तकं मागवली, वादकांना शिकवलं. युरोपीय संगीताचे असे कागद सरस्वती महालात जपलेले आहेत. या बँडच्या वाद्यांत क्लॅरिनेट होतं. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या डेन्नर नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवलेलं हे वाद्य तेव्हा शंभर वर्षांचं, म्हणजे तसं नवंच होतं.

ते तंजावरात रुजलं याचं कारण मला वाटतं जमिनीतच आहे. कावेरीकाठचं मोठं वाद्य नादस्वरम. तेही पत्तीवरच वाजतं. फरक एवढाच की क्लॅरिनेटला एक पट्टी लाकडी किंवा एबोनाइटच्या तोंडावर बांधतात, आणि नादस्वरमला दोन पत्त्या एकमेकींवर आपटतात, आपल्या सनईसारख्या. नादस्वरमच्या पत्तीला सीवाळी म्हणतात. ती कावेरीकाठच्या नळापासून करतात. नळ कापायचा, उकडायचा, वाळवायचा, तासायचा, आणि वादकाच्या फुंकीप्रमाणे जुळवायचा. तिरुवावडुदुरै गावचे कारागीर या कामासाठी प्रसिद्ध आहेत. फुंक, ओठ आणि ओली पत्ती यांचं गणित पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या माणसांच्या हातात क्लॅरिनेट पडलं, तर ते त्यांना अगदीच परकं का वाटावं?

लगेच सगळं झालं नाही. राजांच्या हयातीत क्लॅरिनेट मुख्यतः बँडमध्येच होतं. पुढे एकोणिसाव्या शतकातच महादेव नट्टुवनार यांनी ते नाचाच्या साथीला घेतलं असं सांगतात, आणि तिथल्या मुखवीणा या छोट्या सुषिरवाद्याची जागा हळूहळू क्लॅरिनेटने घेतली. विसाव्या शतकात ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीताची पूर्ण मैफल उभी केली आणि २००८ साली मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीने त्यांना संगीत कलानिधी म्हणून गौरवलं. राजवाड्यातल्या बँडपासून मैफलीच्या गादीपर्यंत दोनशे वर्षं लागली.

एक गोष्ट लक्षात घ्या. राजांनी बँड आणला म्हणून नादस्वरम बंद केलं नाही. डॉक्टर आणले म्हणून वैद्यांना हाकललं नाही. छापखाना आला तरी हस्तलिखितं जमवणं सुरूच होतं. नवं आलं की जुन्याशेजारी ठेवायचं, दोन्ही वापरून बघायचं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. आपण जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन टेबल भरतो ना (भरतो की कॉपी करतो हा प्रश्न वेगळा!), तेच.

शेवट

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे वारले. वय ५४. त्यांच्यानंतर मुलगा शिवाजी गादीवर आला. तो १८५५ मध्ये औरस मुलाशिवाय वारला आणि कंपनीने ती गादीही खालसा केली. ज्या दत्तकाच्या प्रश्नाने सरफोजींचं बालपण खाल्लं, तसाच वारसाचा प्रश्न त्यांच्या घराण्याच्या शेवटी पुन्हा आला. राजांनी लढून राज्य वाचवलं असतं का? बहुतेक नाही. जे उरलं होतं त्याचं त्यांनी जे केलं ते मात्र आजही तंजावरात जाऊन बघता येतं. एगमोरला उतरून रात्रीची गाडी पकडली की सकाळी सरस्वती महालाच्या दारात. सुट्टीत गोव्याला जाण्याआधी एकदा विचार करा.

मग रीड कुठली?

हा सगळा इतिहास मी गच्चीवर सांगितला तेव्हा आमच्या क्लॅरिनेटवाल्याने फक्त एवढंच विचारलं की राजाने प्लॅस्टिकची घेतली असती का. मी म्हटलं, दोन्ही घेतल्या असत्या आणि टेबल काढलं असतं. मग आम्हीही काढलं.

आधी थोडं तांत्रिक. रीड म्हणजे एका टोकाला पकडलेली कॅन्टिलिव्हर. तिचा कडकपणा नंबराने सांगतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराने चढत जातो. नळ हा निसर्गाने बनवलेला कंपोझिट आहे. मऊ पेशींच्या गाभ्यात उभे कडक तंतू, म्हणून लांबीच्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लवचीक. ओल्या पट्टीचं वजन वाढतं, ती फुगते आणि कंपनं लवकर शमवते. सूर त्यामुळे गोल वाटतो. पण हेच पाणी पुढे तिचा घात करतं. दहाच्या डब्यात मनासारख्या निघतात तीन-चार. साधं प्लॅस्टिक सगळ्या दिशांनी सारखंच, त्यामुळे जुन्या प्लॅस्टिक रीड पत्र्यासारख्या वाजायच्या. टोरांटो विद्यापीठातले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक मार्क कॉर्टशॉट आणि क्लॅरिनेटवादक गाय लेजेर यांनी १९९८ मध्ये कंपनी काढून पॉलिप्रोपिलीन ताणून त्याचे रेणू एका दिशेत आणले, आणि नळासारखा दिशेनुसार वेगळा कडकपणा मिळवला. एक वादक आणि एक इंजिनिअर! आमच्या विंगच्या दुसऱ्या पक्षाने इथे टाळ्या वाजवल्या.

आमचं टेबल असं निघालं. गच्चीवर, शांतपणे, हळू वाजवताना नळाची रीड सरस. स्वर धरून वळवायचा असेल तर ओठाला तिचंच उत्तर बरं मिळतं. तिघे डोळे मिटून ऐकत होते, तिघांनीही तीच निवडली. पण भाद्रपदातल्या मिरवणुकीत अर्धा तास वाद्य हातात धरून उभं राहायचं आणि इशारा झाला की पहिल्या फुंकीला वाजवायचं, तिथे नळाची सुकून वाकडी झालेली असते, सिंथेटिक लगेच बोलते. पावसात तर विचारूच नका. ढोलताशांच्या गदारोळात सुराचा तो बारीक फरक कुणाला ऐकू येणार? त्याच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले की तोंडाची सवय बदलायला महिना लागतो, तो दिल्याशिवाय कुठल्याच रीडला नावं ठेवू नये. हे आमच्या टेबलमध्ये नव्हतं. शेवटचा कॉलम म्हणून लिहून घेतलं.

आता त्याच्या पेटीत दोन कप्पे आहेत. एकात नळाच्या चार रीड, काचेच्या सपाट तुकड्यावर दाबून ठेवलेल्या, शेजारी सिलिका जेलची पुडी. दुसऱ्यात एक सिंथेटिक. मिरवणुकीला दुसरी, लग्नाच्या हॉलमध्ये पहिली. दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असं वाटतंय, त्यामुळे मेसमध्ये शांतता आहे. येत्या रविवारी गच्चीवर या. चहा आपला आपण आणायचा.